फोडलं तरी ऊर्जा, जोडलं तरी ऊर्जा, हे कसं काय?

फिशन आणि फ्यूजन ह्या दोघांचा लोक नेहमी घोळ घालतात. तारापूरच्या अणुवीज केंद्रात १९६९ पासून जे चाललंय ते फिशन, म्हणजे युरेनियमचा जड अणू फोडायचा. सूर्यात बरोबर उलटं, हायड्रोजनचे हलके अणू एकत्र येऊन हेलियम होतो, ते फ्यूजन.

आता कुठलंही चलाख पोरगं विचारणारच की फोडूनही ऊर्जा मिळते आणि जोडूनही मिळते, तर मग आधी फोडा, परत जोडा, आयुष्यभर लाइट बिल नाही! पण सगळी गोम लोखंडात आहे. केंद्रकातले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एकमेकांना किती घट्ट धरून बसलेत हे प्रत्येक मूलद्रव्यात वेगळं असतं आणि सगळ्यात घट्ट पकड लोखंड-निकेलच्या आसपास असते, त्यामुळे युरेनियम फुटला की त्याचे तुकडे लोखंडाच्या बाजूला सरकतात, हायड्रोजन जोडला की तोही त्याच बाजूला सरकतो, आणि पकड जितकी वाढली तितकी ऊर्जा बाहेर पडते. एकदा लोखंडाशी पोचलात की संपलं, तिथून फोडायला किंवा जोडायला गेलात तर उलट पदरची ऊर्जा घालावी लागते. म्हणूनच प्रचंड मोठ्या ताऱ्यांच्या गाभ्यात लोखंड साचलं की भट्टी बंद पडते आणि गाभा कोसळतो.

फोडणं आपल्याला लवकर जमलं कारण त्यासाठी केंद्रकावर न्यूट्रॉन मारायचा असतो आणि न्यूट्रॉनला चार्जच नसतो, त्याला केंद्रकात शिरताना कोणी अडवत नाही. १९३८ च्या शेवटी बर्लिनमध्ये हान आणि स्ट्रासमान यांना युरेनियमचे तुकडे सापडले, लिझे माइटनर आणि फ्रिश यांनी त्याचा अर्थ लावला, आणि १९४२ मध्ये शिकागोत फर्मींची अणुभट्टी चालू पण झाली. चार वर्षांत!

जोडायचं म्हटलं की दोन्ही केंद्रकं पॉझिटिव्ह, जवळ आणली की एकमेकांना ढकलतात. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंशांवर भागतं कारण तिथे दाब भयंकर आहे, इथे तो नाही म्हणून दहा कोटींच्या वर जावं लागतं, मग एवढं तापलेलं ठेवणार कशात, तर चुंबकीय क्षेत्रात लटकवून. होमी भाभा १९५५ ला जिनिव्हात म्हणाले होते की दोन दशकांत हे जमेल. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत चुंबकाऐवजी लेझरने २.०५ मेगाज्यूल ऊर्जा देऊन फ्यूजनमधून ३.१५ मिळवले तेव्हा खूप गाजावाजा झाला, पण ते लेझर चालवायला जवळपास ३०० मेगाज्यूल वीज लागली होती, हे बातम्यांत कुठेतरी खाली बारीक अक्षरात.

आणि फ्यूजन म्हणजे एकदम स्वच्छ असंही नाही हां, युरेनियमसारखा हजारो वर्षं सांभाळायचा कचरा उरत नाही हे खरं, पण त्यातून सुटणारे वेगवान न्यूट्रॉन भट्टीच्या भिंतींनाच किरणोत्सारी करून ठेवतात.