परवडणारे घर (नवी मुंबई)

कुटुंबाच्या मासिक उत्पन्नातून खाणेपिणे, शिक्षण आणि प्रवासाचा खर्च भागवून ज्याचा हप्ता किंवा भाडे देता येते ते घर परवडणारे, हा या शब्दाचा व्यवहारातला अर्थ. कागदोपत्री त्याच्या किमान तीन व्याख्या आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. वस्तू व सेवा कराच्या लेखी महानगरात ४५ लाखांपर्यंतचे आणि ६० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्राचे घर परवडणारे असते. १ एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या अशा घरावर १ टक्का आणि इतर घरांवर ५ टक्के कर आहे. म्हाडा, म्हणजे राज्याची गृहनिर्माण संस्था, किंमत न पाहता अर्जदाराचे उत्पन्न पाहते. मुंबई महानगर प्रदेशात वर्षाला ६ लाखांपर्यंत आर्थिकदृष्ट्या दुर्बल गट आणि ९ लाखांपर्यंत अल्प उत्पन्न गट. बँक फक्त हप्ता पगारात बसतो की नाही एवढेच बघते. त्यामुळे सोडतीत ‘अल्प उत्पन्न गटा’चे म्हणून निघालेले घर करखात्याच्या मोजपट्टीवर परवडणारे नसते, असा प्रकार नवी मुंबईत घडतो.

या शहरात या प्रश्नाला वेगळे वळण मिळाले, कारण इथली जवळपास सगळी जमीन एकाच संस्थेच्या हातात आली. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया व प्रविणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडे जुळे शहर वसवण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी हे शहर वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि तेव्हाच्या ठाणे व कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यांतील ९५ गावांचे सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र नव्या शहरासाठी ठरले. शासनाने सुरुवातीचे भांडवल दिले ते ३.९५ कोटी रुपये. एवढ्यात गटारेही झाली नसती. बाकीचा पैसा जमिनीतूनच उभा करायचा असे ठरले. शेतजमीन घ्यायची, रस्ते-पाणी-वीज आणायची, वाढलेल्या भावाने भूखंड विकायचे आणि त्या पैशातून पुढचा नोड, म्हणजे शहराचा पुढचा उपभाग, उभारायचा. १९७३ मध्ये ठाणे खाडीवरचा पहिला पूल झाला, १९९२ मध्ये मानखुर्दवरून लोकल वाशीला पोहोचली आणि हे गणित जमले. त्याची दुसरी बाजूही तेव्हाच ठरून गेली. जी संस्था भूखंडाला चढा भाव मिळावा म्हणून निविदा काढते, तिनेच गरिबाला स्वस्त घर द्यायचे होते. नवी मुंबईत घर परवडले ते मुख्यतः अशा ठिकाणी, जिथल्या जमिनीला निविदेचा वारा लागला नव्हता.

बैठी घरे. सुरुवातीच्या काळात सिडकोने स्वतः बरीच बांधकामे केली. वाशी, नेरूळमधील तीन-चार मजली इमारती तेव्हाच्या कारकून-शिक्षकांच्या आवाक्यात होत्या. मुंबईतले घाऊक बाजार तुर्भे-वाशीला हलले तसे माथाडी कामगारांसाठी कोपरखैरणे, घणसोली भागात लहान लहान घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. ऐरोलीत जागतिक बँकेच्या साह्याने ‘जागा आणि सेवा’ हा प्रयोग झाला. त्यात कुटुंबाला तयार घराऐवजी आखलेला भूखंड, नळ, संडास आणि रस्ता द्यायचा, भिंती त्यांनी पैसे येतील तशा चढवायच्या, अशी रीत होती. बेलापूरच्या सेक्टर ८ मधील आर्टिस्ट व्हिलेज ही कोरियांची वसाहत (१९८३–८६) याच विचारातली, पण देखणी. साधारण ८ मीटर लांबीरुंदीच्या अंगणाभोवती सात घरे, ४५ ते ७५ चौरस मीटरचे भूखंड, आणि शेजाऱ्याची भिंत सामाईक नसल्यामुळे प्रत्येकाला आपले घर वाढवता यावे अशी सोय. वास्तुकलेचे विद्यार्थी आजही ती बघायला येतात. निम्म्याअधिक वेळ त्यांना मूळ घर शोधावे लागते, कारण लोकांनी खरोखरच घरे वाढवली, काहींनी तर मुळापासून पाडून नवी बांधली.

कोपरखैरण्याच्या बैठ्या घरांचे असेच झाले, फक्त तिथे कुणी छायाचित्रे काढायला जात नाही. तळमजल्याच्या घरावर पहिला मजला चढला, मग दुसरा, मग तिसरा. खाली मालक, वर भाडेकरू. गल्लीतून वर पाहिले तर आभाळाची पट्टी तेवढी दिसते आणि एकाच्या गॅलरीतली वाळत घातलेली चादर समोरच्याच्या गजांना लागते. नियमाने पाहिले तर हे वाढीव बांधकाम. माथाडीच्या घरात मात्र मुलाच्या लग्नाची सोय त्यातूनच झाली आणि वरच्या खोलीच्या भाड्यात घरखर्चाला हातभार लागला. जमीन ठरलेल्या, निविदेबाहेरच्या दराने मिळाली होती म्हणूनच हे शक्य झाले. आता बाजारात हीच घरे विकायला निघतात तेव्हा त्यांच्या किमतीत आणि ‘अल्प उत्पन्न’ या शब्दात काही नाते उरलेले नसते.

साडेबारा टक्के. जमीन गेलेल्या शेतकऱ्यांना सुरुवातीला मिळालेला मोबदला इतका तुटपुंजा होता की आगरी-कोळी गावांत त्याविरुद्ध आंदोलन उभे राहिले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात झालेल्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच जण मृत्युमुखी पडले. तिथल्या जासई गावाचे नाव त्या घटनेशी कायमचे जोडले गेले. त्यानंतर १९९० च्या दशकात शासन निर्णयांद्वारे साडेबारा टक्के योजना आकाराला आली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत द्यायचा. प्रत्यक्षात त्यातून पावणेचार टक्के सामाजिक सुविधांसाठी कापले जातात आणि हातात येतात पावणेनऊ टक्के. एक एकर, म्हणजे ४० गुंठे गेलेल्या कुटुंबाला सुमारे ३५४ चौरस मीटर भूखंड. त्यावर दीड चटई निर्देशांकाने, म्हणजे भूखंडाच्या दीडपट, सुमारे ५३१ चौरस मीटर बांधकाम होते आणि त्यातले १५ टक्के दुकानांसाठी वापरता येते. सातबारावर पाच भाऊ आणि तीन बहिणी असल्या तर वाटणीला काय येते, हा हिशेब प्रत्येक गावात तोंडपाठ आहे.

इमारत बांधायला पैसा नसलेल्या वारसांनी भूखंड बिल्डरला दिले. सिडको, जमीनमालक आणि बिल्डर यांच्यात त्रिपक्षीय करारनामा होतो. कामोठे, उलवे, खारघर, घणसोलीतल्या चार ते सात मजली, तळाला दुकाने असलेल्या इमारतींच्या रांगा यातूनच उभ्या राहिल्या. नवी मुंबईत नव्वदनंतर घर घेतलेल्या मध्यमवर्गातला मोठा हिस्सा साडेबारा टक्क्यांच्या जमिनीवर राहतो. लिलावातल्या भूखंडापेक्षा इथे जमीन स्वस्त पडत असल्यामुळे एकेकाळी वन बीएचके नोकरदाराच्या हाताला लागत होते. विमानतळासाठी जमिनी घेताना तोडगा साडेबावीस टक्क्यांवर गेला. भरपाई म्हणून सुरू झालेली योजना अशा रीतीने नकळत शहराचे गृहनिर्माण धोरण झाली. धोरणाच्या कागदात मात्र तिला ते श्रेय कधी मिळाले नाही.

गावठाण. शहराच्या नकाशावर ९५ गावांचे गावठाण जुन्या हद्दीत गोठले, लोकसंख्या गोठली नाही. कुटुंबे वाढली तशी लगतच्या संपादित जमिनीवर घरे उठली. त्यांना गावकरी ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात आणि प्रशासन अतिक्रमण म्हणते. ती नियमित करण्याचे निर्णय शासनाने अनेकदा घेतले. फेब्रुवारी २०२२ मध्येही एक शासन निर्णय निघाला. तरी मोजणी, हद्द आणि दर यांवरून वाद चालूच राहिला. निवडणूक जवळ आली की हा विषय हमखास वर येतो. प्रकल्पग्रस्तांच्या घरांना संरक्षण देण्याला कुठलाच पक्ष विरोध करत नाही, आणि ‘गरजेपोटी’ कुठे संपते नि धंदा कुठे सुरू होतो ही रेघ मारायलाही कुणी पुढे होत नाही.

ती रेघ पुसट असल्याची किंमत दिघ्याने मोजली. एमआयडीसी (औद्योगिक विकास महामंडळ) आणि सिडकोच्या जमिनीवरच्या ९९ बेकायदा इमारती पाडण्याचे आदेश २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिले. त्यांत घरे घेतलेले बहुतेक लोक कष्टकरी होते. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला दिलेली अधिकृत परवानगी) नाही म्हणून बँकेचे कर्ज नाही, म्हणून पतपेढी, सोने आणि गावची जमीन विकून आलेली रक्कम, असा त्यांचा पैसा होता. शासनाने नंतर ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची बांधकामे नियमित करण्याचे धोरण आणले. त्यावरही न्यायालयात प्रश्न उभे राहिलेच.

तरीही रिक्षावाला, सुरक्षारक्षक, मोलकरीण, कॉल सेंटरमधला नवा पोरगा ही सगळी माणसे आजही राहतात ती गावठाणातल्या खोल्यांतच. जिन्याखाली ओळीने लावलेले विजेचे मीटर, प्रत्येक मजल्यावर चार-पाच वन आरके, गच्चीवर काळ्या टाक्या. भाडे परवडत नसेल तर ‘हेवी डिपॉझिट’ची पद्धत आहे. भाडेकरू काही लाख रुपये एकरकमी मालकाकडे ठेवतो, दरमहा भाडे देत नाही आणि खोली सोडताना बिनव्याजी रक्कम परत घेतो. मालकाला वरचा मजला चढवायला भांडवल मिळते, भाडेकरूचे महिन्याचे ओझे उतरते. इमारत अनधिकृत असली आणि मालकाने पैसे त्यातच घातले असले तर रक्कम अडकते. तेव्हा भाडेकरूच्या हातात साध्या मुद्रांकावरचा करार तेवढा असतो.

सोडत. सिडकोची अलीकडची घरे संगणकीय सोडतीने मिळतात. ऑगस्ट २०१८ मध्ये १४,८३८ घरांची योजना निघाली, तळोजा, खारघर, कळंबोली, घणसोली आणि द्रोणागिरी या भागांत. दर ढोबळमानाने दुर्बल गटाला १८ लाख आणि अल्प उत्पन्न गटाला २५ लाखांच्या आसपास होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘माझे पसंतीचे सिडकोचे घर’ या नावाने २६,००० घरे आली. लाखाहून अधिक लोकांनी नावे नोंदवली. दर मात्र जाहीर नव्हते. ते जानेवारी २०२५ मध्ये आले आणि अनेकांचा हिरमोड झाला. तळोज्यात दुर्बल गटाचे घर सुमारे २५ लाखांपासून, वाशीच्या ट्रक टर्मिनलजवळ अल्प उत्पन्न गटाचे घर ७४ लाख, खारघर स्थानकाजवळ ९७ लाख. पैसे भरून सोडतीत टिकलेले अर्जदार शेवटी घरांच्या संख्येपेक्षाही कमी भरले. डिसेंबर २०२५ मध्ये सरकारने १० टक्के कपात जाहीर केली.

७४ लाखांचा हिशेब मांडून पाहावा. बँक साधारण ८० टक्के, म्हणजे ५९ लाख देईल. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांचा हप्ता ५१ हजारांच्या पुढे जातो. म्हाडाच्या मर्यादेनुसार अल्प उत्पन्न गटातल्या सर्वांत वरच्या कुटुंबाचे उत्पन्न महिन्याला ७५ हजार. शिवाय स्वतःचे १५ लाख, मुद्रांक शुल्क आणि ताब्याआधीचे मेंटेनन्स वेगळेच. हे घर त्या गटाला देण्यासाठी बांधले, असे म्हणणे धाडसाचे आहे. सिडकोची बाजू अशी की ही घरे स्थानकांना आणि बस आगारांना लागून आहेत आणि शेजारच्या खासगी इमारतींपेक्षा दर कमीच आहे. तुलना खरी आहे. पण बाजारभावाशी केलेल्या तुलनेतून अर्जदाराचा पगार वाढत नाही. तळोज्याचे घर पगारात बसते, तर तिथून कामाला जायचे म्हणजे पेंधरपर्यंत आलेली मेट्रो (नोव्हेंबर २०२३ पासून), मग बेलापूरहून लोकल, आणि सकाळचा दीड-दोन तासांचा प्रवास.

रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, हा या सगळ्यातला दूरचा वाटणारा, पण घरात शिरणारा घटक. मे २०२२ मध्ये ४ टक्क्यांवर असलेला दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर गेला. फ्लोटिंग व्याजाच्या कर्जदारांपैकी अनेकांचा हप्ता तसाच राहिला आणि मुदत काही वर्षांनी लांबली, त्यामुळे वाढ पगाराच्या स्लिपवर दिसलीही नाही. २०२५ मध्ये दर उतरले. घरांचे भाव त्यासोबत उतरले नाहीत. अटल सेतू (१२ जानेवारी २०२४) आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला विमानतळ यांची किंमत उलवे-पनवेलच्या दरांत कधीचीच चढली होती.

खासगी प्रकल्पांतून स्वस्त घरे मिळावीत म्हणून ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील गृहप्रकल्पांत २० टक्के घरे दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी राखण्याचा नियम आहे. ती घरे म्हाडाच्या कोकण मंडळाच्या सोडतीत येतात. संख्या थोडी, अर्ज उदंड.

दुसरीकडे वाशी-नेरूळमधल्या जुन्या सिडको इमारती आता पुनर्विकासाला निघाल्या आहेत. प्लास्टर पडणे, सळया उघड्या पडणे, पावसाळ्यात टेकू लावणे ही तिथली नित्याची तक्रार होती. पुनर्विकासात मूळ रहिवाशाला मोठे आणि लिफ्टचे घर मिळते, हे योग्यच. पण विक्रीसाठी निघणारे घर टॉवरमधले, टॉवरच्या भावाचे असते. वाशीत स्वस्त घर मिळण्याची जी एक जागा उरली होती, म्हणजे जुनी, लिफ्ट नसलेली, तिसऱ्या मजल्यावरची खोली, तीही त्यात जाते. पूर्वेला नैना, म्हणजे विमानतळाभोवतीच्या विकासासाठी ठरवलेल्या क्षेत्रात (२०१३) सिडकोने जमीन विकत घेण्याऐवजी शेतकऱ्याला ४० टक्के विकसित भूखंड परत देण्याची नगररचना योजना स्वीकारली आहे. तिथे जमिनीचा मोठा भाग पुन्हा एकदा निविदेबाहेर, मूळ मालकांकडे राहणार आहे. ते तो कुणाला, कशा कराराने देतील यावर तिथल्या पहिल्या वन बीएचकेचा भाव ठरेल.