खाणपट्ट्यातील मातीचा पहिला नमुना

खाणीला पर्यावरण दाखला हवा असेल तर अहवालात मातीची तपासणी जोडावी लागते. सामू (पीएच), सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, लोह, मँगनीज. खोदकामापूर्वी जमीन कशी होती याची ही नोंद. खाण संपल्यावर जमीन पूर्ववत झाली की नाही, हे तिच्याशीच ताडून ठरवायचे. गोव्यातल्या जुन्या खाणींकडे ही पहिली नोंदच नाही, आणि त्याचे कारण इतिहासात आहे.

पोर्तुगीज सरकारने १९०६ च्या हुकूमनाम्याखाली कन्सेशने, म्हणजे खाणकामाचे हक्क, दिली, तीही मुदतीविना. १९५० च्या दशकात जपानला लोहखनिज जाऊ लागले आणि डिचोली, सत्तरी, सांगे भागांतले डोंगर पोखरले जाऊ लागले. एक टन माल काढायला अडीच ते तीन टन टाकाऊ माती काढावी लागे. तिचे डंप, म्हणजे ढिगारे, उभे राहिले, पुष्कळदा लीजच्या (खाणीसाठी दिलेल्या पट्ट्याच्या) हद्दीबाहेर. १९८७ च्या कायद्याने कन्सेशनांची लीज झाली. वरची सुपीक माती वेगळी साठवून पुनर्भरणासाठी वापरा, हा नियम १९८८ मधला. पर्यावरणीय परिणामांच्या अभ्यासाची अधिसूचना निघाली १९९४ मध्ये. तोवर खाणींना चाळीस वर्षे झाली होती. त्यानंतर घेतलेला ‘मूळ स्थिती’चा नमुना खाणीने आधीच बदललेल्या मातीचा होता.

दुसरी अडचण मला अधिक गंभीर वाटते. खाणींच्या अहवालासाठी मूळ स्थितीची मोजणी पावसाळा वगळून एका हंगामात करायची पद्धत आहे. पण गोव्यात माती चालते ती पावसाळ्यातच. जून ते सप्टेंबरमध्ये डंप धुपतात, लाल पाणी ओहोळाने खाली येते आणि सरदच्या, म्हणजे पावसाळी, भातात गाळ बसतो. शिरगावसारख्या गावांत शेते अशीच गेली. पाण्याखालच्या शेतात लोह विरघळते, भाताची पाने तांबूस होऊन रोप खुरटते. मार्चमधल्या कोरड्या नमुन्यात हे सगळे दिसत नाही.

२०१२ मध्ये खाणी थांबल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लीजबाहेर डंप टाकण्यास मनाई केली आणि उत्पादनावर वार्षिक २ कोटी टनांची मर्यादा घातली. २०१८ मध्ये ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द झाले. २०२२ च्या अखेरीस लीजांचे लिलाव सुरू झाले आणि पर्यावरण दाखल्यासाठी मातीचे नमुने पुन्हा महत्त्वाचे ठरले.

नमुना घेण्याची नेहमीची रीत अशी: शेतात ठिकठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचे पंधरा सेंटिमीटर खोल खड्डे काढायचे, सगळी माती प्लास्टिकच्या बादलीत कालवायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असे अर्धा किलो उरेपर्यंत. गंजलेले खुरपे चालत नाही. लोहच मोजायचे असते. गाळ बसलेल्या शेतात मात्र ही रीत फसवते. वरचा लाल थर आणि खालची जुनी माती एकत्र होते, आणि दोहोंचेही खरे मोजमाप हातात येत नाही. तिथे थर वेगळे करून दोन पिशव्या भराव्यात. गाळाची जाडी पट्टीने मोजून चिठ्ठीवर लिहावी. खालच्या पिशवीत येते ती जुन्या शेताची माती. तीही काही प्रमाणात बदलली असेल, पण जो पहिला नमुना कोणी घेतला नव्हता, त्याच्या सर्वांत जवळचे आज तेच आहे.