पिंपातले पाणी: कंपोस्टचा चहा गांज्याच्या मुळाशी कसा पोचला

कॅलिफोर्निया आणि ओरेगॉनमध्ये परवाना काढून गांजा पिकवणारे बरेच लोक कंपोस्टची पुरचुंडी पाण्यात टांगतात, थोडी उसाची मळी (मोलॅसिस) घालतात, मत्स्यटाकीला असतो तसला पंप लावून रात्रभर हवा सोडतात आणि दुसऱ्या दिवशी ते फेसाळ तपकिरी पाणी झाडांच्या बुंध्याशी ओततात. त्याला ते कंपोस्टचा चहा म्हणतात. गोव्यात फोंड्यातल्या कुळागरवाल्याला, म्हणजे पोफळी-माडाच्या बागायतदाराला, हा प्रकार दाखवला, तर पंप सोडून बाकी सगळे त्याच्या ओळखीचे निघेल. मळीच्या जागी गूळ, कंपोस्टच्या जागी शेण, एवढाच फरक. दोन्हींचे नाते आहे, पण ते सरळ नाही. युरोप, इंदूर, अमरावती असे वळसे घेत ते जाते आणि त्या वाटेवर गोवाही एकदोनदा लागतो.

सुरुवात झाडापासून करू. भांगेची गोव्यातली सर्वांत प्रसिद्ध जुनी नोंद गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याची. तो 1534 मध्ये मार्तिम अफोन्सो द सौझा या पोर्तुगीज सेनानीबरोबर गोव्यात आला आणि इथेच राहिला. 1563 मध्ये गोव्यातच छापलेल्या त्याच्या संवादरूपी औषधी ग्रंथात भांगेवर एक प्रकरण आहे. गुजरातच्या बहादूरशहाने द सौझाला सांगितलेली गोष्ट त्यात येते: रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान फिरून यावेसे वाटले की थोडी भांग खाल्ली म्हणजे झाले. ऑर्ता 1568 मध्ये वारला. तो छुपा ज्यू होता असे ठरवून इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, 1580 मध्ये त्याची हाडे उकरून जाळली. आज पणजीची नगर उद्यान म्हणून ओळखली जाणारी बाग त्याच्याच नावाची आहे. त्याने पान, बी आणि परिणाम यांवर लिहिले, लागवडीत मात्र त्याला रस नव्हता.

पुढेही गोव्याचा गांज्याशी संबंध ओढण्यापुरताच राहिला. 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून हणजूण-कळंगुटच्या किनाऱ्यावर हिप्पी आले, तेव्हा माल मुख्यतः बाहेरूनच यायचा: गांजा केरळच्या डोंगरांतून, चरस हिमालयातून. त्या काळात आशियाभर भटकलेल्या लोकांनी केरळ, अफगाणिस्तान, नेपाळ इथले बी मात्र गोळा करून नेले, आणि पुढे हॉलंड-कॅलिफोर्नियात ज्या जाती निघाल्या त्यांत हे रक्त आहे. म्हणजे आपल्याकडून बी गेले. खताचे पाणी गेले का, हे पाहायचे तर थोडे मागे जावे लागते.

सडवलेले पातळ खत हा आपल्याकडचा फार जुना प्रकार. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात कुणपजलाची कृती आहे. मांस, चरबी, मज्जा पाण्यात शिजवायची, त्यात तिळाची पेंड, भिजवलेले उडीद, मध, तूप घालायचे आणि मडके उबेला ठेवून सडू द्यायचे. या ग्रंथाचे हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होते. ते आणवून नलिनी साधले यांच्या इंग्रजी भाषांतरासह 1996 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा कुठे शेतीवाल्यांना त्याचा पत्ता लागला. त्यामुळे शेण-गोमूत्र-गुळाचे आजचे जीवामृत थेट वृक्षायुर्वेदातून आले हे भाषणात टाळ्या घेणारे विधान मला पटत नाही. मधली साखळी कुठे आहे? प्रथिन, साखर, थोडी घाण आणि ऊब एकत्र आणली की काय होते, हे माणसाला ठिकठिकाणी आपापले कळलेले दिसते. युरोपातही शेणाचे पोते पिंपात बुडवून ते पाणी भाज्यांना घालायची रीत जुनीच आहे.

गोव्याच्या कुळागरात तर यासाठी कोणी कृतीही लिहून ठेवली नाही. डोंगराच्या कुशीत झरा, त्याखाली पोफळी, मधे माड, केळी, मिरवेल, जायफळ. पालापाचोळा खाली पडतो तो तिथेच कुजतो, आणि गोठा धुतलेले पाणी पाटात सोडले की ते झाडोझाड पोचते. सावईवेरे-केरी भागातल्या जुन्या कुळागरात हात घातला की वरचा वीतभर थर काळा, भुसभुशीत लागतो आणि त्याखाली लगेच लाल चिरा. ही काळी माती निसर्गाने दिलेली नाही, पिढ्यांनी केलेली आहे. इथे साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. तो चुना, पोटॅश धुऊन नेतो आणि मागे लोह-ॲल्युमिनियम उरते. माती आंबट होते, त्यात स्फुरद (फॉस्फरस) घातला तरी लोह त्याला धरून बसते. माडाच्या आळ्यात राख, मीठ आणि सुकी बारीक मासळी टाकायची किनाऱ्यावरची चाल अशा मातीतूनच आली.

आता इंदूर. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 तिथल्या वनस्पती उद्योग संस्थेत होते. शेतातला काडीकचरा, शेण, मूत्रमाती आणि राख यांचे थर, ठरावीक दिवसांनी उलथापालथ, अशी त्यांची कंपोस्टची इंदूर पद्धत जगभर गेली. 1931 मध्ये ती ज्या पुस्तकातून मांडली त्यावर हॉवर्ड यांच्या नावाबरोबर यशवंत वाड यांचेही नाव आहे. सेंद्रिय शेतीच्या कहाणीत वाडांचा उल्लेख क्वचितच होतो, म्हणून इथे मुद्दाम केला. चहासाठी या टप्प्याचे महत्त्व असे की त्यामुळे मुरलेले, गरम होऊन गेलेले कंपोस्ट ही ठरलेली, पुन्हा पुन्हा तशीच करता येणारी वस्तू झाली. ती नसती तर पुरचुंडीत बांधायला फक्त शेणच होते. हॉवर्ड यांच्या इंदूरच्या पहिल्या वर्षीच, 1924 मध्ये, ऑस्ट्रियन तत्त्वज्ञ रुडॉल्फ स्टायनर यांनी गाईच्या शिंगात पुरलेले शेण तासभर पाण्यात घुसळून शिंपडायचे व्याख्यान दिले. त्यामागची ग्रहताऱ्यांची भाषा सोडून देऊ, पण मूठभर खत पाण्यात विरवून मोठ्या रानावर पसरायची कल्पना युरोपात तिथून रुजली.

प्रयोगशाळेत हा विषय नेला तो 1980 च्या दशकात जर्मनीतल्या हाइनरिख वेल्टझिन यांनी. कंपोस्ट पाण्यात काही दिवस भिजवून ते गाळलेले पाणी पानांवर फवारले तर बुरशीचे काही रोग कमी होतात, असे त्यांच्या गटाला दिसले. त्यात पंप नव्हता. हवा सोडायची टूम 1990 च्या दशकात ओरेगॉनमध्ये वाढली, आणि ती लोकप्रिय करण्यात ओरेगॉन राज्य विद्यापीठातल्या मृदासूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एलेन इंगम यांचा वाटा सर्वांत मोठा. त्यांचे म्हणणे साधे: मातीत जिवाणू अन्न धरून ठेवतात, प्रोटोझोआ (एकपेशीय जीव) आणि सूत्रकृमी त्या जिवाणूंना खातात, आणि उरलेला नत्र (नायट्रोजन) झाडाच्या मुळाशी सुटतो. म्हणून खत घालण्यापेक्षा ही खाणारी-पिणारी मंडळी वाढवा. 24 ते 36 तास हवा आणि साखर द्या, की पिंपात त्यांची संख्या प्रचंड वाढते. हवा तुटली की पाण्याला घाण वास येतो. मग ते टाकून द्यायचे.

इकडे महाराष्ट्रात तोच माल वेगळ्या गरजेतून येत होता. कोल्हापूरच्या मोहन शंकर देशपांडे यांच्या ऋषिकृषी या शेतीपद्धतीत अमृतपाणी होते: शेण, तूप, मध, पाणी, आणि जोडीला वडाखालची माती. मग अमरावतीकडचे सुभाष पाळेकर आले आणि जीवामृत घरोघर झाले. 200 लिटर पाणी, 10 किलो देशी गाईचे शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. काठीने सकाळ-संध्याकाळ ढवळायचे आणि दोन दिवसांनी एकरभर द्यायचे. गोव्यात पावसाळ्याच्या तोंडाशी, दमट उकाड्यात, ते दोन दिवसही लागत नाहीत. दुसऱ्या सकाळी झाकण काढले की वर बोटभर फेस असतो, कडेला बेसनाच्या गुठळ्या चिकटलेल्या, आणि वास शेणाचा कमी, आंबवलेल्या पिठाचा जास्त. पाळेकरांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. गोव्यात सेंद्रिय शेतीची चर्चा त्याआधीपासून होती. भारतीय सेंद्रिय शेती संघटनेचे मुख्यालयच म्हापशात आहे.

एका गाईच्या शेण-मूत्रावर 30 एकर, हा पाळेकरांचा दावा. सगळी गोम त्यातच आहे. ढोबळ हिशेब करा. 10 किलो शेणात 30 ते 50 ग्रॅम नत्र, गोमूत्रात फार तर 100, बेसनात 60-70. एका पिंपात सगळे मिळून 200 ग्रॅमच्या आसपास. सुधारित भाताला एकरी 40 किलोच्या घरात नत्र लागते. म्हणजे हे खत नाहीच. ते विरजण आहे, आणि विरजण लागायला दूध आधी असावे लागते. पाळेकर आच्छादनावर एवढा जोर देतात तो याचसाठी, पण लोक पिंप लक्षात ठेवतात आणि आच्छादन विसरतात.

गांजावाले या वाटेवर आले ते पोलिसांमुळे, असे म्हटले तर अगदीच चूक नाही. 1983 पासून कॅलिफोर्नियात हेलिकॉप्टरने शोधून उघड्यावरची लागवड उपटण्याची मोहीम सुरू झाली. त्याने घरात, दिव्याखाली, मातीविना पिकवण्याच्या प्रकाराला जोर आला आणि त्याबरोबर बाटलीतल्या रासायनिक द्रवखतांचा बाजार. 1996 मध्ये कॅलिफोर्नियाने औषधी वापराला मुभा दिली, 2012 मध्ये कोलोराडो आणि वॉशिंग्टनने सरसकट परवानगी दिली, तसे काही लोक पुन्हा मातीकडे वळले. केंद्राच्या कायद्याने गांजा तिथेही गुन्हाच होता, त्यामुळे त्यासाठी कीटकनाशकांची नोंदणी होत नव्हती, सरकारी सेंद्रिय प्रमाणपत्र मिळत नव्हते, आणि कृषी विद्यापीठेही केंद्राचे अनुदान जाईल म्हणून सल्ला द्यायला कचरत होती. मग सल्ला एकमेकांकडूनच घ्यायचा. त्यात हे फूल जाळून ओढायचे, म्हणजे फवारलेले थेट फुप्फुसात. वर भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणारी बुरशी, हा या पिकाचा ठरलेला शत्रू. भुरीसारख्या रोगांवर चालणारे, विष नसलेले, घरी बनणारे पाणी मिळाले तर कोण सोडेल? शिवाय मालाला भाव असा की वाफ्यागणिक चहा करत बसणे परवडते. भातवाल्याला ते परवडणारे नाही.

त्यांनी जी माती कालवली ती पाहून मात्र आपल्याकडच्या माणसाला हसू येईल. गांडूळखत, समुद्री शेवाळ, कोळंबीच्या सालींचा भुगा, निंबोळी पेंड, करंजाची पेंड, काथ्याचा भुसा. यातल्या निंबोळी, करंज आणि काथ्याचा पुरवठा बराचसा भारतातून होतो. सुंगटांच्या साली आपण बाजाराच्या मागे फेकतो, त्या तिथे पाकिटातून विकत घेतात, कारण त्यातल्या कायटिनवर (कवच टणक करणारा पदार्थ) जगणारे जिवाणू बुरशीची भिंतही खातात.

आणि एवढ्या श्रीमंत मातीत वर पुन्हा चहा. इथे माझे मत स्पष्ट आहे: अशा मातीला पिंपातल्या पाण्याची फारशी गरज नाही. चमचाभर चांगल्या कंपोस्टात जिवाणूंची संख्या अब्जांच्या घरात असते. त्यात बाहेरून पाव्हणे आणून सोडले तर त्यांना बसायला जागा कुठे? रोगांवरच्या परिणामांचा आढावा 2002 मध्ये ओरेगॉनमधल्याच शॉयरल आणि महाफी या संशोधकांनी घेतला, तेव्हा निकाल एकसारखे नसल्याचेच दिसले. त्यात 2004 च्या प्रयोगांत मळी घातलेल्या चहात ई. कोलाय आणि साल्मोनेला हे रोगजंतू पुन्हा वाढताना आढळले. म्हणून कच्च्या खायच्या भाजीवर साखर घातलेले असे पाणी फवारू नये, मुळाशी द्यावे. जीवामृतात तर शेण ताजेच असते, तेव्हा ही काळजी आपल्याला जास्त. कोथिंबीर, तांबडी भाजी, मुळ्याचा पाला यांवर ते शिंपडताना मी अजून पाहतो.

जिथे तळाला काहीतरी आहे पण जीव कमी, तिथे मात्र असे पाणी उपयोगी पडण्याची शक्यता जास्त: खाणीच्या मातीने भरलेली शेते, वर्षानुवर्षे फक्त युरिया खाल्लेली मोरड, म्हणजे उंचावरची पावसाळी, जमीन, कोकोपीट भरलेल्या गच्चीवरच्या कुंड्या. गोव्याच्या आंबट मातीत त्याआधी चुना लागतो. तो कुठल्याच पिंपातून येत नाही.

राहता राहिला कायदा. 14 नोव्हेंबर 1985 पासून लागू झालेल्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांज्याची लागवड हा गुन्हा ठरला. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. फूल-फळाचा शेंडा नसलेली नुसती पाने आणि बी व्याख्येबाहेर राहिली, म्हणून भांग वाचली. धागा, बी वा बागायती कामासाठी परवानगी देण्याची वाट कायद्यात आहे, आणि औद्योगिक हेम्पसाठी (नशा न आणणारी याच झाडाची जात) ती 2018 मध्ये उत्तराखंडने पहिल्यांदा वापरली. गोव्यात डिसेंबर 2020 मध्ये औषधी वापरासाठी नियंत्रित लागवडीच्या प्रस्तावाला कायदा खात्याने हिरवा कंदील दिल्याचे बाहेर आले. विरोधकांनी आणि सामाजिक संघटनांनी गदारोळ केला आणि मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी तशी परवानगी देणार नसल्याचे सांगून विषय मिटवला. त्या चर्चेत अमली पदार्थ, पर्यटन आणि गोव्याची बदनामी यांवर भरपूर बोलले गेले. हे झाड जांभ्याच्या आंबट मातीत नि इथल्या पावसात भुरीविना टिकेल का, हा शेतकऱ्याचा पहिला प्रश्न होता. त्याची पाळीच आली नाही.