जैविक कच्च्या मालाचं डीप फ्रीझर गोदाम: घाऊक परवान्याचा अर्ज

वरोरा, उमरखेड, अहेरी अशा तालुक्याच्या गावी जैविक औषधांच्या (लस, इन्सुलिन यांसारख्या) कच्च्या मालाचं गोदाम काढायचं, तर आधी अन्न व औषध प्रशासनाचा घाऊक परवाना घ्या. "आम्ही औषध विकत नाही, नुसता कच्चा माल ठेवतो," हे तिथे चालत नाही. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याने औषधाचा घटक म्हणून वापरायचा पदार्थही औषधच धरला आहे, आणि विक्री-वितरणासाठी नुसता साठा करायलाही परवाना लागतो.

अर्ज नमुना 19 मध्ये, ऑनलाइन. औषध नियमांच्या परिशिष्ट सी आणि सी-1 मधल्या जैविक मालाचा परवाना नमुना 21-बी मध्ये मिळतो, बाकी औषधांचा 20-बी मध्ये. शुल्क प्रत्येकी 1500 रुपये. जागा किमान 10 चौरस मीटर. गोदामाची देखरेख करणारी सक्षम व्यक्ती म्हणून नोंदणीकृत फार्मासिस्ट, किंवा औषध व्यवहाराचा 1 वर्ष अनुभव असलेला पदवीधर, किंवा 4 वर्षं अनुभव असलेला दहावी पास चालतो.

कागदपत्रांत जागेचा नकाशा, मालकीचा पुरावा (गावठाणात ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा), भाड्याची जागा असल्यास करारनामा, सक्षम व्यक्तीची प्रमाणपत्रं आणि फ्रीझरचं बिल तयार ठेवा. उताऱ्यावरचं आणि आधारवरचं नाव जुळतं का, ते अर्जाआधीच बघा.

खरी कसोटी मात्र जागेवरच्या तपासणीत आहे. मालाचे गुण टिकतील अशी साठवणीची सोय असलीच पाहिजे, असं नियमच सांगतो. मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा 45 च्या वर जातो. टिनाच्या खोलीत उणे 80 अंशांचा फ्रीझर तग धरत नाही, म्हणून खोलीला एसी हवा. पुष्कळजण फ्रीझर जनरेटरवर घेतात आणि एसी तसाच लाईनवर ठेवतात. लाईन गेली की तासाभरात खोली तापते आणि फ्रीझर चालू असूनही आतलं तापमान चढायला लागतं. दोन्ही जनरेटरवरच घ्या. मालातली प्रथिनं एकदा वितळून बिघडली, की पुन्हा गोठवून पूर्ववत होत नाहीत. तो माल पुढे रुग्णाच्याच औषधात जाणार असतो.

वाहतुकीत कोरडा बर्फ उणे 78.5 अंशाला असतो आणि त्याचा सरळ कार्बन डायऑक्साइड वायू होतो. खोका हवाबंद करू नका, ड्रायव्हरच्या केबिनमध्ये तर ठेवूच नका. डेटा लॉगर (तापमानाची नोंद ठेवणारं यंत्र) मालाजवळ ठेवा, झाकणाला चिकटवू नका.

परवाना मिळाल्यावर दर 5 वर्षांनी धारण शुल्क (परवाना चालू ठेवण्याचं शुल्क) भरावं लागतं. मुदत चुकली तर सहा महिन्यांपर्यंत दरमहा 2 टक्के विलंब शुल्कासह भरता येतं. त्यापुढे परवाना रद्द धरला जातो.