संजीवकं, टॉनिकं आणि कायदा

पिकाची वाढ, फुलोरा, फळधारणा किंवा फळ पिकणं वाढवायला, थांबवायला नाहीतर पुढंमागं करायला जी द्रव्यं फवारतात, मुळाशी ओततात किंवा ज्यात घड बुडवतात ती बनवणं, आयात करणं आणि विकणं यावरचे भारतातले नियम. शेतकरी आणि दुकानदार या सगळ्याला सरसकट 'टॉनिक' म्हणतात, पण कायद्यात टॉनिक नावाचा प्रकारच नाही. तिथे एकतर कीटकनाशक, नाहीतर खत, नाहीतर २०२१ पासून जैव उत्तेजक म्हणजे बायोस्टिम्युलंट. यापैकी कशातच न बसणाऱ्या बाटल्या बरीच वर्षं बाजारात होत्या आणि या विषयातली निम्मी भांडणं त्यांचीच आहेत.

'संजीवक' हा मराठी शब्द कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत आणि द्राक्षवाल्यांच्या बोलण्यात पक्का बसलाय, तरी तो थोडा फसवा आहे. जिब्रेलिक ॲसिड म्हणजे 'जीए' मणी लांब-मोठा करतं, ते संजीवक. आणि क्लोरमेक्वाट म्हणजे 'सीसीसी' वेलीची वाढ दाबतं, तेही संजीवकच. म्हणून 'वाढ नियंत्रक' हा शब्द जास्त बरोबर, पण तो कुणी वापरत नाही, त्यामुळे या नोंदीत संजीवक हाच ठेवलाय.

बायोस्टिम्युलंट या शब्दाच्या उगमाबद्दल मतं वेगळी आहेत. काही अभ्यासक तो धागा थेट ओडेसाचे नेत्रतज्ज्ञ फिलाटोव्ह यांच्यापर्यंत नेतात. साधारण १९३३ च्या सुमारास त्यांनी असं मांडलं की प्रतिकूल परिस्थितीत ठेवलेल्या जिवंत ऊतींमध्ये काही 'बायोजेनिक' उत्तेजक द्रव्यं तयार होतात आणि ती दुसऱ्या जिवांची चयापचय क्रिया वाढवतात, आणि पुढे सोव्हिएत संशोधकांनी ही कल्पना वनस्पतींना लावली. दुसरं मत असं की आजच्या अर्थाने हा शब्द १९९७ मध्ये अमेरिकेतल्या झांग आणि श्मिट यांनी हिरवळीच्या गवताबद्दल लिहिताना वापरला, अगदी कमी मात्रेत वाढीला चालना देणारे पदार्थ अशी त्यांची साधी व्याख्या होती. फिलाटोव्ह यांचं काम मुळात डोळ्यांच्या उपचाराशी जोडलेलं, आणि आज बाटलीत जे असतं (समुद्री शेवाळाचा अर्क, ह्युमिक ॲसिड, अमिनो ॲसिड) त्याच्याशी त्यांचा संबंध ओढूनताणून लावावा लागतो, त्यामुळे दुसरं मत जास्त पटण्यासारखं वाटतं. पुढे बेल्जियमच्या द्यू जार्दँ यांनी २०१५ मध्ये जी व्याख्या मांडली तिच्यातला महत्त्वाचा भाग असा की पदार्थात अन्नद्रव्यं किती आहेत ते बघायचं नाही, तो झाडात काय घडवतो ते बघायचं. युरोपचा २०१९ चा खत नियम (लागू जुलै २०२२) आणि आपली २०२१ ची दुरुस्ती, दोन्हीकडे हाच विचार दिसतो.

संजीवकांचा इतिहास त्यामानाने सरळ आहे. जपानमध्ये भाताची रोपं वेड्यासारखी उंच होऊन आडवी पडायची, त्यामागे बुरशीने सोडलेलं द्रव्य असल्याचं कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवलं आणि याबुता यांनी १९३५ मध्ये त्याला जिब्रेलिन नाव दिलं. वेंट यांचं ऑक्झिनवरचं (झाडातलंच वाढीचं संप्रेरक) काम साधारण त्याच काळातलं.

भारतात संजीवकांवर पहिला ताबा आला तो कीटकनाशक कायदा १९६८ मुळे, आणि या कायद्याचा जन्म शेतातल्या फवारणीतून झालेला नाही. एप्रिल-मे १९५८ मध्ये केरळ आणि तेव्हाच्या मद्रास राज्यात पॅराथिऑन हे कीटकनाशक लागलेलं गव्हाचं पीठ खाऊन शंभरावर माणसं दगावली. जहाजात पीठ आणि विष शेजारीशेजारी होतं. चौकशी आयोगावर मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती जे. सी. शाह होते, त्या चौकशीतून पुढे तज्ज्ञ समिती आणि मग दहा वर्षांनी कायदा. म्हणजे मूळ चिंता विषबाधेची, पीक जोमात येतंय की नाही ही नव्हेच, आणि हे लक्षात ठेवलं की पुढचा घोळ समजतो.

या कायद्यात कीटकनाशकाची व्याख्या परिशिष्टावर चालते. परिशिष्टात ज्या पदार्थाचं नाव आहे तो, आणि तो ज्यात आहे असं कुठलंही मिश्रण, कायद्याने कीटकनाशक. जिब्रेलिक ॲसिड, एनएए, इथेफॉन, पॅक्लोब्युट्राझॉल ही संजीवकांची मंडळी अशीच आत आली, त्यामुळे मणी फुगवणारं जीए कागदावर किडे मारायच्या औषधांच्या रांगेत बसतं. फरिदाबादच्या नोंदणी समितीकडे कलम ९(३) खाली नवीन माहिती देऊन किंवा ९(४) खाली आधी नोंदलेल्या मालाच्या धर्तीवर नोंदणी करावी लागते, कुठल्या पिकावर, किती मात्रा, काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं हे सगळं लेबलवर येतं. शिवाय लेबलवर टोकावर उभा केलेला चौकोन, खालच्या अर्ध्यात विषारीपणाचा रंग: लाल, पिवळा, निळा, हिरवा. जीएच्या पुडीवर बहुतेक वेळा हिरवा दिसतो.

आता खरी गोम. नव्वदच्या दशकापासून द्राक्ष, डाळिंब, मिरचीच्या पट्ट्यात ज्या बाटल्या वाढल्या त्यांत परिशिष्टातला एकही पदार्थ नाही असा दावा असायचा, मग त्या कीटकनाशक नाहीत, आणि खत नियंत्रण आदेशातल्या नत्र-स्फुरद-पालाश किंवा सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या ठरलेल्या प्रमाणातही बसत नाहीत, मग त्या खतही नाहीत. मुंबईत फोर्टमधल्या एका कचेरीत अशा नोंदण्यांच्या फायली तयार करण्यात या नोंदीच्या लेखकाची बरीच वर्षं गेली, तिथे नवीन माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचे की बाटलीत काय आहे ते नंतर, आधी लेबलवर काय लिहिलंय ते वाच. 'फुलगळ थांबवते' लिहिलं की संजीवकाचा वास आला, 'रोगप्रतिकार वाढवते' लिहिलं की बुरशीनाशकाचा, 'मुळांना अन्न घ्यायला मदत करते' लिहिलं की खतवाल्यांच्या दारात. माल तोच, एक वाक्य बदललं की खातं बदलतं.

हे फक्त कागदी खेळ नव्हते, त्यात कराचे पैसे होते. अबकारी दरसूचीत खतं ३१ व्या प्रकरणात आणि संजीवकं कीटकनाशकांबरोबर ३८०८ या शीर्षकात, त्यामुळे सूक्ष्म अन्नद्रव्यं नक्की कुठली यावर वर्षानुवर्षं वाद चालला. रानडे मायक्रोन्यूट्रिएंट्सच्या प्रकरणात १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने अबकारी खात्याला सुनावलं की तुमच्याच मंडळाने परिपत्रक काढून ही खतं ठरवली असतील तर त्याच्या उलट बाजू तुम्हाला कोर्टात मांडता येणार नाही. हा निकाल आज करवाले लोक परिपत्रकाच्या बंधनासाठी सांगतात, त्यामागे मुळात झाडाच्या खुराकाची भानगड होती हे बहुतेकांना माहीतही नसतं. जीएसटीतही ती रेघ राहिली, खताला ५ टक्के आणि ३८०८ मधल्या बहुतेक संजीवकांना १८.

खत नियंत्रण आदेश पहिला १९५७ चा, आताचा १९८५ चा, दोन्ही जीवनावश्यक वस्तू कायद्याखालचे. त्यात २३ फेब्रुवारी २०२१ च्या अधिसूचनेने कलम २०-सी आणि सहावी अनुसूची घातली. जैव उत्तेजक म्हणजे असा पदार्थ, सूक्ष्मजीव किंवा दोन्हींचं मिश्रण ज्याचं मुख्य काम झाडाच्या शरीरक्रियांना चालना देऊन अन्नद्रव्यांचं शोषण, वाढ, उत्पन्न, प्रत आणि ताण सहन करायची ताकद वाढवणं आहे, त्यात अन्नद्रव्य कितीही असो. मात्र १९६८ च्या कायद्याखालची कीटकनाशकं आणि संजीवकं यातून वगळली. प्रकार आठ, त्यात समुद्री शेवाळासह वनस्पतींचे अर्क, प्रथिनं तोडून केलेली द्रव्यं आणि अमिनो ॲसिड, ह्युमिक-फुल्विक, जीवनसत्त्वं, बाष्परोधक वगैरे. नोंदणीसाठी रसायनशास्त्राची माहिती, उंदीर-सशांवरच्या तीव्र विषारीपणाच्या चाचण्या, पक्षी, मासे, मधमाशी आणि गांडूळ यांच्यावरच्या चाचण्या, आणि तीन वेगळ्या हवामान विभागांत घेतलेले शेतावरचे प्रयोग. छोट्या कारखानदाराला हा खर्च झेपत नाही अशी तक्रार तेव्हापासूनच आहे आणि ती अगदीच खोटी नाही.

सगळ्यात जास्त डोकेदुखी झाली ती एका आकड्याची. जैव उत्तेजकात कीटकनाशक ०.०१ पीपीएमपेक्षा जास्त सापडता कामा नये, म्हणजे एक टन मालात १० मिलिग्रॅम. आणि संजीवकं कायद्याने कीटकनाशकंच. समुद्री शेवाळात मात्र सायटोकायनिन आणि ऑक्झिन ही वाढीची संप्रेरकं निसर्गतःच असतात, शेवाळ काम करतं त्याचं एक कारण तेच मानलं जातं. प्रयोगशाळेतल्या यंत्राला 'आतून आलेलं' आणि 'वरून टाकलेलं' यात सहज फरक कळत नाही, तिथे कोणते संबंधित रेणू किती प्रमाणात आहेत ते बघावं लागतं. वरून टाकणारेही कमी नव्हते हे खरं, शेवाळाच्या नावाखाली 'सिक्स बीए' (कारखान्यात बनवलेलं सायटोकायनिन) मारलं की आठ दिवसांत पानाला काळोखी म्हणजे गर्द हिरवेपणा येतो आणि शेतकरी खूश. कारखानदारांची बाजू अशी की मर्यादा अन्नात उरलेल्या औषधाच्या अवशेषांसाठीच्या आकड्यावरून उचलली, ती बाटलीतल्या मालाला लावणं चुकीचं. हा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या बळकट वाटतो, पण 'ते निसर्गतःच असतं' या पळवाटेने भेसळ आत आली हेही तितकंच खरं.

आधीपासून बाजारात असलेल्यांना तात्पुरती नोंदणी मिळाली, धंद्यात तिला जी-थ्री म्हणतात. दोन वर्षांसाठी होती, मग मुदतवाढ, परत मुदतवाढ, शेवटी १६ जून २०२५ ला संपली. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी सांगितलं की सुमारे ३०,००० उत्पादनं वर्षानुवर्षं बिनतपासणी विकली जात होती, नंतरच्या चार वर्षांतही ८,००० च्या आसपास चालू होती आणि आता साधारण ६५० उरली. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर प्राण्यांपासून (कोंबडीची पिसं, कातडी वगैरे) बनवलेल्या ११ उत्तेजकांची मान्यता धार्मिक आणि आहाराच्या कारणांवरून आलेल्या तक्रारींनंतर काढून घेतली.

महाराष्ट्रात कायद्याचा चटका खरा बसला तो अवशेषांमुळे. द्राक्षात जीए हे रोजचं काम, एक ग्रॅम पावडर आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवायची (पाण्यात सरळ टाकली तर गुठळ्या), मग १०० लिटर पाण्यात १० पीपीएम. यात कुणाला कायदा आठवत नाही. पण २०१० मध्ये युरोपात गेलेल्या द्राक्षांत सीसीसी सापडलं, आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच, तिकडची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम प्रति किलो, कंटेनर अडकले आणि नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना जबर फटका बसला. सीसीसी एप्रिल छाटणीनंतर पानांवर मारतात, फळ तेव्हा नसतंही, पण वेलीच्या लाकडात ते टिकून राहतं. त्यानंतर ते निर्यातीच्या तपासणीत आलं. कोकणात हापूसला पॅक्लोब्युट्राझॉल घालतात, दापोलीच्या विद्यापीठाची शिफारस झाडाच्या घेराच्या प्रति मीटर व्यासाला ०.७५ ग्रॅम क्रियाशील घटक, म्हणजे २५ टक्के औषध ३ मिली, पावसाळ्यात बुंध्याभोवती. तोच आंबा वाशीच्या मार्केटात आला की दुसरा कायदा, अन्न सुरक्षेचा: कॅल्शियम कार्बाइड बंद, इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत चालतो, आणि शेतात नोंदणीकृत असलेल्या इथेफॉनच्या पाण्यात फळ बुडवून पिकवणं मात्र चालत नाही.

अंमलबजावणी राज्याच्या कृषी खात्याकडे. निरीक्षक नमुना घेतो, तीन भाग करतो, सील करतो. खतांसाठी केंद्राची एक प्रादेशिक प्रयोगशाळा मुंबईला आहे, बाकी चेन्नई आणि कल्याणी. जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली शिक्षा सात वर्षांपर्यंत जाऊ शकते. गावातली तक्रार मात्र वेगळीच असते, ती 'लिंकिंग'ची: युरियाची गोणी पाहिजे तर सोबत टॉनिकची बाटली घ्यावीच लागेल. हे बेकायदेशीर आहे आणि ऐन खरिपात सर्रास चालतं.

शहरात हा कायदा जवळपास पोचलेलाच नाही. दादरला एका नर्सरीत २५० मिलीची बाटली घेतली, वर गुलाबाचं चित्र, 'शंभर टक्के ऑरगॅनिक, कळ्या दुप्पट', घटकांच्या जागी नुसतं 'नैसर्गिक अर्क', नोंदणी क्रमांक नाही, बॅच नंबर नाही, चौकोन तर नाहीच. किती घालायचं विचारलं तर नर्सरीवाला म्हणाला, "एक झाकण बास काका, पण ऊन उतरल्यावर घाला."