सही केलेला फॉर्म म्हणजे मालकी नव्हे
जुन्या फियाटचे मूळ आरसी पुस्तक आणि विक्रेत्याने सही केलेले, मालकी हस्तांतरणाचे कोरे फॉर्म २९ व ३० हाती आले की गाडी आपली झाली, असा समज ऑनलाइन जुन्या गाड्या शोधणाऱ्यांमध्ये फार दिवसांपासून आहे. ताबा मिळतो, हे खरे. परंतु मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार सर्वसाधारणपणे नोंदणीत ज्याचे नाव, तोच मालक धरला जातो, म्हणून खरेदीदाराने ३० दिवसांत हस्तांतरण कळवायचे असते. पैसे देण्यापूर्वी वाहन नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर नोंदणीची मुदत आणि गाडीवरील कर्जाचा बोजा पाहावा. जुनी नोंद तेथे नसल्यास आरटीओत विचारावे. चॅसिस क्रमांक, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला क्रमांक, मात्र स्वतः, कागद ठेवून वर पेन्सिल घासून, पुस्तकाशी ताडावा. गोव्यासारख्या किनारी भागातल्या खाऱ्या हवेत त्याचे आकडे गंजाखाली दडलेले असू शकतात.