कोपऱ्यावरचे पाच मीटर

रस्त्याच्या कडेला पांढरा पट्टा ओढला, आत सायकलचं चित्र काढलं, की सायकल ट्रॅक तयार झाला असा एक समज आहे. रंग मोटारीला अडवत नाही, हे उघडच आहे. उलट थर्मोप्लास्टिकचा, म्हणजे तापवून रस्त्यावर ओतलेल्या प्लास्टिक रंगाचा, गुळगुळीत पट्टा पावसात ओला झाला की सायकलचंच चाक घसरतं. दुसरा समज असा, की पट्ट्याच्या जागी दुभाजक बांधला की काम झालं. हा अर्धा खरा आहे, म्हणून जास्त फसवा. दुभाजक चौकाच्या तोंडाशी संपतो, आणि सायकल-मोटार टकरींचा मोठा वाटा चौकातच असतो.

सरळ भागाचं गणित सोपं आहे. हँडल ६० ते ७० सेंटिमीटरचं आणि तोल सांभाळताना सायकल दोन्ही बाजूंना थोडी झुलतेच, म्हणून एका सायकलीला सुमारे १ मीटर लागतो आणि एकाने दुसऱ्याला ओलांडायचं तर २ मीटर. कर्ब, म्हणजे ट्रॅकच्या कडेचा दगडी काठ, उभा आणि १५ सेंटिमीटर उंच असेल तर खाली आलेलं पायडल त्यावर आपटतं, कारण ते जमिनीपासून जेमतेम १० सेंटिमीटर वर असतं. सायकलस्वार मग कर्बपासून लांब राहतो आणि कागदावरची रुंदी वाया जाते. त्यापेक्षा तिरका, ठेंगणा कर्ब बरा. शेजारी मोटारी उभ्या राहणार असतील तर उघडणाऱ्या दारासाठी मीटरभर मोकळी पट्टी सोडायची.

आता चौक. वाहतूक डाव्या बाजूने चालते असं धरू. मोटार डावीकडे वळते आणि डावीकडून सायकल सरळ जाते. ट्रॅक मोटारीच्या मार्गाला चिकटून असेल तर वळायला सुरुवात होते त्या क्षणी सायकलस्वार चालकाच्या मागे, आरशातही न दिसणाऱ्या भागात असतो. अशा वेळी ‘नीट बघून वळा’ असं सांगून काय उपयोग?

उपाय असा: चौकाआधी ट्रॅक हळूहळू बाहेर वळवून मुख्य रस्त्यापासून साधारण ५ मीटर, म्हणजे एका मोटारीच्या लांबीइतका, मागे घ्यायचा. मोटार ट्रॅकपाशी पोचते तेव्हा जवळजवळ काटकोनात वळलेली असते. मघाशी मागे असलेला सायकलस्वार आता डाव्या खिडकीतून दिसतो. शिवाय थांबलेल्या मोटारीची शेपटी मुख्य रस्त्यावर राहत नाही, त्यामुळे मागच्याचा हॉर्न नाही आणि घाईही नाही.

पण हे ५ मीटर पुरतात ते मोटारीचा वेग कमी असेल तरच. वळताना गाडीला आतल्या बाजूस लागणारं त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या. हे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या पावपट, म्हणजे साधारण २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झालं की आतल्या माणसांना कलल्यासारखं वाटू लागतं आणि चालक आपणहून पाय उचलतो. त्रिज्या २० मीटर असेल तर हा वेग येतो ताशी २५ किलोमीटर. ५ मीटर असेल तर ताशी १३. त्रिज्या चौपट केली की वेग दुप्पट, कारण मध्ये वर्गमूळ आहे. आता थांबण्याचं अंतर काढू. प्रतिक्रियेला १ सेकंद आणि कोरड्या रस्त्यावर ७ मीटर प्रति सेकंद वर्गाचा जोरदार ब्रेक धरला तर २५ च्या वेगाने साडेदहा मीटर लागतात. १३ च्या वेगाने साडेचार. पाच मीटरांत बसतं ते दुसरंच!

मेख अशी, की त्रिज्या मोजायची ती कर्बची नाही, चाकांच्या प्रत्यक्ष वाटेची. जागा मिळाली की चालक वळण कापून ते सरळ करून घेतो. म्हणून कोपऱ्यावर छोटं बेट बांधतात. नुसते रंगाचे पट्टे मारलेलं बेट पहिल्याच आठवड्यात टायरखाली जातं.

इथे हमखास आक्षेप येतो: ट्रक कसा वळणार? लांब गाडीची मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून जातात. त्यासाठी बेटाच्या कडेला ३ ते ५ सेंटिमीटर उंचीची खडबडीत दगडी पट्टी ठेवायची. ट्रकची मागची चाकं तिच्यावरून जातात, मोटारवाल्याला मात्र हादरा नको असतो.

नेदरलँड्समध्ये असे कोपरे सर्रास आहेत, पण बातम्यांत गाजला तो २०१४ साली क्रोमेनी इथला सौर पॅनेलचा ७० मीटर सायकल मार्ग. आडवं पडलेलं, धुळीने झाकणारं पॅनेल वीज कमी देणार हे शाळेतली भूमितीही सांगते. चौकातल्या टकरीशी त्याचा संबंध शून्य.

रस्त्याच्या एकाच बाजूला दोन्ही दिशांच्या सायकलींसाठी एकच ट्रॅक करून पैसे वाचवण्याचा मोहही टाळावा. फिनलंडमध्ये वाहतूक उजवीकडून चालते. तिथल्या १९९० च्या दशकातल्या अभ्यासात दिसलं, की उजवीकडे वळणारे चालक डावीकडून येणाऱ्या मोटारींकडे बघत राहतात आणि उजवीकडून येणारी सायकल त्यांच्या नजरेतच येत नाही.

राहता राहिला कचरा. रस्त्यावरची खडी, काचा मोटारींच्या चाकांनी कडेला उडतात आणि ट्रॅकमध्ये मोटार शिरतच नसल्याने तिथेच साचतात. म्हणून ट्रॅकची रुंदी ठरवण्याआधी झाडणारं यंत्र किती रुंद आहे ते मोजावं. पाणी निघायला मीटरमागे २ सेंटिमीटर आडवा उतार पुरतो. पाणी जाण्यासाठी बसवलेल्या लोखंडी जाळीच्या पट्ट्या मात्र चाकाच्या दिशेला आडव्या हव्यात, नाहीतर पुढचं चाक फटीत अडकून सायकलस्वार हँडलवरून पुढे फेकला जातो.